अ‍ॅना सफरचंद, दिंडोरी तालुका : प्लॉटच्या नोंदी

१४ जानेवारी २०२३

रोपं आली. हिमाचलहून ट्रान्सपोर्टने, गोणपाटात गुंडाळलेली, मुळ्यांना ओला भुसा, वर एकही पान नाही. आप्पांनी एक हातात घेऊन बघितलं आणि म्हणाले, ह्या काटक्यांचे पैसे दिलेस? आज भोगी, उद्या संक्रांत, मजूर सोमवारशिवाय मिळत नाही, म्हणून सावलीत चर काढून त्यात आडवी घातलीयेत, मुळ्या मातीने झाकल्यात, वरून पाणी मारलंय. एकूण ६०. त्यात ४० अ‍ॅना, १२ डॉर्सेट गोल्डन आणि ८ एचआरएमएन-९९.

जागा म्हणजे जुनी थॉमसन द्राक्षाची बाग काढली तिथला वरचा कोपरा, साडेपाच गुंठे, मुरमाड. खालच्या काळ्या रानात मुद्दाम नाही घेतलं, सफरचंदाच्या बुडाशी पाणी साचलं की कॉलर रॉट, म्हणजे बुंधा कुजणं, ठरलेला.

१६ जानेवारी २०२३

लागवड झाली. १२ बाय ८ फूट, दीड फुटाचे बेड, शेणखत आणि ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवरणारी मित्रबुरशी). कलमाचा जोड जमिनीच्या वर चांगला वीतभर ठेवला, कारण जोड मातीत गेला तर वरच्या जातीलाच मुळ्या सुटतात आणि रूटस्टॉकचा, म्हणजे खालच्या मुळाच्या खुंटाचा, उपयोग संपला, हे द्राक्षवाल्याला सांगायला नको, डॉगरीज या द्राक्षाच्या खुंटावर कलम करून आपण हेच शिकलोय. इथे रूटस्टॉक एमएम-१११ आहे. एम-९ वर झाड बुटकं राहतं आणि लवकर लागतं पण त्याला आयुष्यभर काठीचा आधार लागतो आणि पाण्याचा ताण झेपत नाही, एमएम-१०६ला कॉलर रॉटची भीती. एमएम-१११ जरा उशिरा लागतो पण मूळ खोल जातं आणि लोकरी मावा मुळाला फारसा त्रास देत नाही. आपल्याकडे एप्रिलमध्ये विहीर काय दाखवते ते माहितीये, त्यामुळे १११.

आता जात अ‍ॅनाच का, हे एकदा लिहून ठेवतो, सारखं सारखं सांगायचा कंटाळा आलाय. सफरचंदाला फुटायला थंडी लागते, म्हणजे ७.२ डिग्रीच्या खाली किती तास गेले ते मोजतात. सिमल्याकडच्या डेलिशियसला हजाराच्या आसपास तास लागतात. अ‍ॅनाला २०० ते ३००, डॉर्सेटला १०० च्या आसपास. अ‍ॅना इस्राएलची, एन शेमर नावाच्या किबुत्झमध्ये अब्बा स्टाइन यांनी गोल्डन डेलिशियस आणि रेड हदासिया यांच्या संकरातून काढलेली, १९५०च्या दशकातली गोष्ट. डॉर्सेट तर बहामा बेटांवरची, नासाऊची, तिथे बर्फ कोणी बघितलाच नसेल. अ‍ॅनाला एकटीला फळ नीट धरत नाही, परागासाठी तिच्याबरोबर फुलणारी दुसरी जात लागते, म्हणून दर चौथ्या झाडाला डॉर्सेट.

एचआरएमएन-९९ घेतलं कारण सगळे यूट्यूबवाले त्याच्याच मागे आहेत. हिमाचलातल्या बिलासपूर जिल्ह्यातल्या पनियाला गावच्या हरिमन शर्मांनी काढलेलं वाण, घरामागे टाकलेल्या बियांमधून उगवलेलं, सुमारे १८०० फूट उंचीवर. नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनने बऱ्याच राज्यांत लावून बघितलंय. आपण पण बघू, आठच आहेत.

३० एप्रिल २०२३

मार्च-एप्रिल तगली. तीन गेली, बाकी सगळी फुटलीत, काहींचे फुटवे हातभर. दुपारी पानं मलूल होतात पण संध्याकाळी परत ताठ. खोडाला चुना लावलाय पश्चिमेच्या बाजूने. जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

२० ऑगस्ट २०२३

पावसाने ओढ दिलीये, डाळिंबवाले खुश आणि आम्ही टँकरच्या चौकशीत. सफरचंदाला मात्र हे वातावरण मानवलं असं दिसतंय, पानावर डाग कमी आहेत.

फांद्या वाकवायचं काम चालू केलं. अ‍ॅना सरळ वर पळते, शेंडा मारला की परत वर पळते, आणि आडवी फांदी असेल तरच तिच्यावर फळाचे डोळे बसतात. सुतळी आणि खुंट्या वापरून फांदी खोडाशी साधारण ६० अंशात आणून बांधली. काडी कोवळी असताना वाकते, नोव्हेंबरात हेच करायला गेलं की कडकन मोडते. दादाच्या मुलांनी सुट्टीत अर्धा प्लॉट बांधून दिला, बदल्यात त्यांना वडापाव.

२७ नोव्हेंबर २०२३

काल गारपीट. निफाड, चांदवड, दिंडोरी, सगळीकडे. आमच्या द्राक्षाचं काय झालं ते इथे लिहीत नाही, ती वही वेगळी आहे आणि आज ती उघडायची इच्छा नाही. सफरचंदाच्या सालीला जखमा झाल्यात, बोर्डो पेस्ट लावून घेतली. पानं निम्मी झडली.

११ फेब्रुवारी २०२४

ही नोंद महत्त्वाची. गारेने ज्या झाडांची पानं पार झडली होती, म्हणजे पश्चिमेकडची ओळ, त्यांना फूल आलं. ज्यांची पानं टिकली ती अजून हिरवीगार उभी आहेत, शेंड्याला एखादं फूल, मध्ये काडी नुसती उघडी, डोळेच फुटले नाहीत. थंडी दोन्ही ओळींना सारखीच मिळाली होती ना.

थंडीचंही एकदा बोलून घेतो. निफाडचा पारा ६ वर आला की टीव्हीवर बातमी येते आणि आपल्याला वाटतं वा, आता सफरचंदाला मजा. पण तो आकडा पहाटेचा असतो. ७.२ च्या खाली आपण फार तर दोन-तीन तास राहतो आणि दुपारी परत २८. दुपारचं ऊन रात्रीच्या थंडीची कमाई खाऊन टाकतं, असं शास्त्रवाले पण म्हणतात, १६ च्या वर गेलं की हिशोब उलटा फिरायला लागतो. सगळा हिवाळा जोडला तरी अ‍ॅनाचे २०० तास आमच्या रानात भरत नाहीत. तरी पश्चिमेकडच्या ओळीला फूल आलंच. म्हणजे इथे झाडाला झोपवायचं काम थंडी करणार नाही, ते आपल्याला करावं लागणार.

फुलं सगळी खुडून टाकली. झाडं लहान आहेत, आधी सांगाडा होऊ दे.

९ जून २०२४

पाऊस लागला, घरात बसून वाचतोय. इंडोनेशियात जावा बेटावर बातू म्हणून गाव आहे, डोंगरावर आहे पण विषुववृत्ताच्या जवळ, थंडी अशी नाहीच, आणि तिथे सफरचंदाची मोठी शेती आहे, वर्षाला दोन पिकं काढतात. ट्रिक काय तर तोडणी झाल्यावर काही आठवड्यांनी झाडाची सगळी पानं हाताने ओरबाडून काढतात आणि फांद्या वाकवून बांधतात, झाड गाढ झोपायच्या आधीच डोळे फुटतात. अ‍ॅना पण आहे तिथे.

हे वाचलं आणि हसायला आलं. सटाण्याचा कुठलाही डाळिंबवाला हे डोळे झाकून करतो. पाणी तोड, ताण दे, पानगळ कर, पाणी सोड, बहार धरला. मामांना फोन लावला, त्यांची डाळिंबं आहेत, ते म्हणाले यात नवीन काय, इथ्रेल (पानगळीचं औषध) मार आणि मोकळा हो. पण इथ्रेल अ‍ॅनावर किती मारायचं याचा भरवसा नाही, डोस जास्त झाला तर डोळे पण जातील. ५७ झाडं आहेत, हातानेच काढू. डॉरमेक्स (डोळे फोडायचं रसायन) पण यंदा नको, नाहीतर फूल कशाने आलं तेच कळणार नाही.

१ डिसेंबर २०२४

ड्रिप बंद.

१४ डिसेंबर २०२४

पानं काढली. मुरमाड रान असल्याने ताण लवकर बसला, पानं कडेने पिवळी झाली होती, काही नुसत्या हाताच्या धक्क्याने गळत होती. काढायची पद्धत अशी की पान देठापासून मागे, म्हणजे बुंध्याकडे ओढायचं नाही, डोळा सोलून येतो. शेंड्याच्या दिशेने हलकं लोटायचं. पेठकडच्या दोन बायका होत्या, द्राक्षाच्या विरळणीला येतात त्याच, त्यांच्या हाताला हे एकदा सांगितलं की बस. पण खरी अडचण तीच आहे, डिसेंबरात द्राक्षाचं डिपिंग (घड औषधात बुडवणं) आणि विरळणी असते, तेव्हा मजूर सफरचंदाला कोण देणार. ह्या साडेपाच गुंठ्यांसाठी मी आप्पांच्या शिव्या खाल्ल्या, एकरभर असतं तर काय.

एक ओळ, सहा झाडांची, तशीच ठेवलीये पानांसकट, तुलनेला.

३ जानेवारी २०२५

पाणी चालू करून दोन आठवडे झाले. डोळे फुगलेत, टोकाला चंदेरी लव, काहींना हिरवं टोक. ठेवलेल्या ओळीत शांतता.

डिसेंबर अखेरीस ढगाळ होतं म्हणून भुरीची (पानावरच्या पांढऱ्या बुरशीची) एक फवारणी घेतली. भुरीला नाशिकवाल्याने घाबरायचं कारण नाही, घरचीच आहे.

१९ जानेवारी २०२५

फुललं. आईला घेऊन गेलो बघायला. प्रत्येक डोळ्यातून पाच-सहा कळ्यांचा गुच्छ, कळी गडद गुलाबी, उघडली की पांढरी, कडेला गुलाबी छटा राहते. मधलं फूल सगळ्यात आधी उघडतं, बाकीची त्याच्या भोवती दोन-तीन दिवस मागे. मोठं फळ हवं तर ते मधलं जपायचं. डॉर्सेट चार दिवस आधी फुलायला लागली पण शेवटच्या फुलांची गाठ अ‍ॅनाशी पडतेय, तेवढं पुरे.

मधमाशी मात्र नाही. सकाळी दहा वाजता उन्हात उभा राहून बघितलं, एखाद-दुसरी फुलोरी, म्हणजे लहान रानमाशी. चूक कोणाची नाही, चारही बाजूंनी द्राक्ष आहे आणि द्राक्षाला माशीची गरज नसते, त्यामुळे फवारा मारताना तिचा विचार कोण करणार. कांद्याचे डोंगळे फुलले की माशा येतात इकडे, पण त्याला अजून वेळ आहे. सातेरी मधमाश्यांची एक पेटी भाड्याने आणून मधोमध ठेवली. शेजारच्या काकांना विनंती केली की आठ-दहा दिवस फवारा संध्याकाळी उशिरा मारा. काका म्हणाले ठीक आहे, पण पहिलं फळ माझं.

२६ जानेवारी २०२५

काल पद्म पुरस्कारांची यादी आली, हरिमन शर्मांना पद्मश्री. ग्रुपवर सकाळपासून सफरचंदच सफरचंद. तीन जणांनी रोपं कुठे मिळतील विचारलं. मी म्हटलं, जूनपर्यंत थांबा, माझी आठ झाडं काय करतात ते बघून सांगतो. एकाने उत्तर दिलं, जूनमध्ये रोपं मिळत नाहीत. खरंय.

एचआरएमएनचं फूल अ‍ॅनाबरोबरच आलंय.

२३ फेब्रुवारी २०२५

विरळणी. गुच्छात एक, फार तर फांदी जाड असेल तर दोन, आणि दोन फळांत वीतभर अंतर. काढायला जीव होत नाही पण सगळी ठेवली तर लिंबाएवढी होतात आणि पुढच्या वर्षीचे डोळे पण बसत नाहीत.

सेटिंगमध्ये, म्हणजे फळधारणेत, एक गंमत दिसली. अ‍ॅनाच्या तिसऱ्या ओळीत मधल्या भागात फळ भरपूर आहे, दोन्ही टोकांना विरळ. कारण कळेना. मग लक्षात आलं की मधल्या दोन झाडांचं पान वेगळं आहे, फळही गोल आणि पिवळसर, अ‍ॅना असं लेबल लावून नर्सरीने डॉर्सेटच पाठवलीये. भांडायला फोन उचलला होता, ठेवून दिला. त्या दोन झाडांच्या आजूबाजूची सगळी अ‍ॅना लगडलीये.

पानं न काढलेल्या ओळीत सहा झाडांत मिळून एका टोपलीचीही फळं नाहीत.

६ एप्रिल २०२५

ऊन ४० ला टेकलंय. पश्चिमेकडच्या फळांच्या गालावर तपकिरी चट्टे यायला लागले. हवा ४० असली तरी उन्हातली साल ४६ च्या वर जाते आणि तिथून पुढे करपते. केओलिनची (पांढऱ्या मातीची) एक फवारणी घेतली, झाडं पांढरी भूत दिसतायत. आणि पश्चिमेच्या फळांना आपला द्राक्षाचा पेपर लावला, पिंक बेरी (हिरवे मणी गुलाबी पडणं) येऊ नये म्हणून घडाला लावतो तोच, स्टेपल मारून. ह्याने रंग येणार नाही हे माहितीये, पण तसाही रंग यायला रात्री गार लागतात आणि आमच्या रात्री २२ च्या खाली जाईनात.

बुलबुल आणि पोपट दोघांना पत्ता लागलाय. जुनी जाळी टाकली.

८ मे २०२५

दोन दिवस अवकाळी. वारं, पाऊस, शेजारी उन्हाळी कांदा रानात पडलाय त्याची धावपळ, सगळं गाव ताडपत्र्या शोधतंय. आमची थोडी फळं गळाली. गळालेलं कापून बघितलं.

एक फळ एका बाजूने चपटं होतं, ते मुद्दाम आडवं कापलं. मध्ये पाच कप्प्यांची चांदणी दिसते, एका कप्प्यात दोन बिया धरल्या तर भरलेल्या फळात दहा. ह्यात तीन कप्प्यांत बिया होत्या, गडद तपकिरी झालेल्या, आणि दोन कप्पे कोरडे, आत नुसतं पापुद्र्यासारखं. जे दोन कप्पे रिकामे त्याच बाजूने फळ बसलेलं. जितके पराग पोचले तितकी बी आणि जितकी बी तितका गर. टोकाच्या झाडांवरची बहुतेक फळं अशीच वाकडी आहेत, आणि मधल्या झाडांवरची लांबट, खाली पाच उंचवटे असलेली, डेलिशियससारखी सुरेख.

मेडिकलमधून टिंक्चर आयोडीन आणलं. कापलेल्या अर्ध्यावर लावलं की जिथे स्टार्च आहे तिथे निळंकाळं होतं, जिथे साखर झाली तिथे पांढरं राहतं. आज चांदणीच्या भोवती थोडं पांढरं, बाकी सगळं काळं. अजून आठवडाभर.

१७ मे २०२५

आठवडा कसला, पाऊस थांबायचं नावच घेत नाहीये. आज उघडीप मिळाली तशी तोडणी केली. आयोडीनने अर्धं पांढरं, ब्रिक्स मीटरवर (साखर मोजायच्या) १२ च्या आसपास. वजन १२० ते १५० ग्रॅम. पेपरमधली फळं पिवळट हिरवी, पूर्वेकडच्या फळांच्या एका गालावर लाली. बाजारात दिसतं तसं लालभडक एकही नाही.

चव. खरं सांगायचं तर मला एवढी अपेक्षा नव्हती. झाडावरून तोडून लगेच चावलं तर कडक, कर्रकन तुकडा निघतो, रस भरपूर, आंबटगोड, आंबटपणा जरा पुढे. स्टोअरमधल्या सफरचंदाला असते ती शिळी गोडी नाही. डॉर्सेट जास्त गोड पण लहान. एचआरएमएनची फळं यंदा कमी आणि चव अ‍ॅनाच्या जवळची, मला अजून एक वर्ष बघायचंय. काकांना पहिलं फळ पोचवलं. पुतण्या म्हणाला, चॉकलेटसारखं नाहीये पण चालेल.

२५ मे २०२५

मान्सून काल केरळात आला, आमच्याकडे तर आधीपासूनच चालूये. उरलेली फळं घाईत तोडली, काहींना तडे, काहींवर फळमाशी.

पण आजची नोंद टिकण्याची आहे. १७ तारखेची फळं तीन ठिकाणी ठेवली होती, काही टोपलीत ओट्यावर, काही फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, काही ओल्या गोणपाटाखाली माठाजवळ. ओट्यावरची आठव्या दिवशी दाबली की बोट बुडतं आणि चावलं तर पिठूळ, रस गेलेला. माठाजवळची जरा बरी. फ्रीजमधली अजून कर्रकन वाजतात. ही जातच अशी आहे, लवकर पिकणाऱ्या सफरचंदांचा श्वास जोरात चालतो, इथिलीन भरपूर सोडतात. (आईने दोन सफरचंदं कच्च्या केळ्यांच्या टोपलीत ठेवली होती, केळी दोन दिवसात पिवळी.) काश्मीरचं फळ ऑक्टोबरात तोडून मेमध्ये खाता येतं, अ‍ॅनाला उन्हाळ्यात एका आठवड्याच्या आत गिऱ्हाईक पाहिजे.

१५ जून २०२५

विक्रीचं. पेठरोडच्या मार्केटला दोन क्रेट दाखवायला नेले. व्यापाऱ्याने एक फळ उचललं, फिरवलं, रंग नाही म्हणाला. मी म्हटलं खाऊन बघा. खाल्लं, म्हणाला चव भारी आहे पण मी चव विकत नाही, पेटी विकतो. आणि वेळ खरं तर चांगली होती, मे-जूनला देशी नवं सफरचंद बाजारात नसतं, कोल्ड स्टोअरचा माल आणि परदेशी, त्यात पुण्याच्या व्यापाऱ्यांनी मेमध्ये तुर्कीच्या सफरचंदावर बहिष्कार टाकलेला. तरी रंगाशिवाय पेटीत जागा नाही.

मग वहिनीने गंगापूररोडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फोटो टाकला, नाशिकचं सफरचंद, काल तोडलेलं, फ्रीजमध्ये ठेवा. १२० रुपये किलो. दोन संध्याकाळीत संपलं, वाकडी फळं सुद्धा गेली, ती ८० ने. एका काकूंनी विचारलं वॅक्स आहे का, वहिनी म्हणाली काकू आम्हाला अजून वॅक्स कुठे मिळतं तेच माहीत नाही.

साडेपाच गुंठ्यांचा माल असा जातो. एकराचा जाणार नाही. ग्रुपवर विचारणाऱ्यांना हेच लिहिलं की झाड जगतं, फूल येतं, फळ पण येतं, पण डिसेंबरात पानं काढायला माणूस आणि मेमध्ये आठवड्यात माल उचलणारं गिऱ्हाईक आहे का ते आधी बघा, रोपाचा रेट नंतर विचारा. दोघांनी अंगठ्याचा इमोजी टाकला, एकजण ग्रुप सोडून गेला.

२४ ऑगस्ट २०२५

पानांवर काळपट डाग भरपूर, खालची पानं पिवळी होऊन गळतायत, ह्या पावसाने आपोआप पानगळ होऊन अवेळी फूल निघेल की काय ही भीती आहे. बुरशीनाशक चालू. बेडमुळे पाणी निघून जातंय, जोडापाशी सगळं कोरडं आहे.

पुढचं ठरलंय ते असं. पानं यंदा नोव्हेंबरच्या मध्यात काढायची, म्हणजे फूल डिसेंबरात आणि माल एप्रिलच्या मध्याला, अवकाळीच्या आधी. करपण्याचा धोका एप्रिलच्या सुरुवातीला राहतोच, पण त्यानंतरच्या उन्हाआधी फळ घरात असेल, आणि डिपिंगच्या आधी मजूर पण मोकळा असतो. मात्र पाऊस ऑक्टोबरात उघडला तरच ताण बसेल. न काढलेली ओळ आता ठेवत नाही.

झाडं वाढवायची नाहीत. त्यापेक्षा टोकाच्या अ‍ॅनावर एकेका फांदीला डॉर्सेटचा डोळा भरून (कलम करून) घेतो, त्या दोन चुकीच्या लेबलवाल्या झाडांचीच काडी वापरून. डोळे भरणारा बागलाणचा माणूस गणपतीनंतर येतो म्हणालाय, साल सुटते तोवर काम उरकायला हवं.